वर्डप्रेसचं अपडेट मध्येच अडकतं, थीम चढत नाही: कुठून बघायला सुरुवात करायची

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची साइट मी सांभाळतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा तिथे जाऊन बसतो, एरवी सगळं फोनवर. एका दुपारी ग्रंथपाल ताईंचा फोन आला. आवाज रडवेला. "दादा, मी काही वेगळं केलं नाही हो. वर गोलात सात आकडा दिसत होता, म्हणून सगळ्यांवर टिक करून अपडेट दाबलं. आता साइटच गेली. व्याख्यानमालेची सगळी जुनी माहिती होती त्यात."

मी म्हटलं, स्क्रीनवर काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वाचा. त्यांनी सावकाश वाचलं: "ब्रीफली अनअव्हेलेबल फॉर शेड्यूल्ड मेन्टेनन्स. चेक बॅक इन अ मिनिट." मी सांगितलं, चहा घ्या, दहा मिनिटं कशालाही हात लावू नका, मग पुन्हा उघडा. पंधरा मिनिटांनी त्यांचा फोन आला, साइट सुरू झाली होती.

पण पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. साइट दर वेळी परत यायची आणि अपडेटचा आकडा मात्र तिथेच असायचा. तिसऱ्या वेळी मी एसटी पकडून गेलो. मूळ कारण सापडायला अर्धा तास लागला, ते पुढे सांगतोच. हे लिहितोय ते अशा ताई-दादांसाठी, ज्यांच्याकडे संस्थेची, शाळेची, दुकानाची किंवा होमस्टेची साइट सांभाळायची जबाबदारी येऊन पडली आहे आणि ज्यांना कुणी हे कधी बसून शिकवलेलं नाही. इथे स्वतःच्या डोमेनवर (साइटच्या पत्त्यावर), विकतच्या होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) बसवलेलं वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारी प्रणाली, धरलं आहे. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकटच्या खात्यात बाहेरची थीम (साइटचं रूप ठरवणारा फाइलींचा संच) चढवण्याची सोयच नसते. तिथे झिप (अनेक फाइली एकत्र बांधलेली फाइल) अपलोडचं बटण शोधत बसू नका.

आधी जिवात जीव आणा

तुमचे लेख, पानं, प्रतिक्रिया हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. फोटो असतात डब्ल्यूपी-कॉन्टेन्ट फोल्डरातल्या अपलोड्स या फोल्डरात. वर्डप्रेसचं मुख्य अपडेट प्रामुख्याने डब्ल्यूपी-ॲडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे दोन फोल्डर आणि बाहेरच्या काही फाइली बदलतं. थीमचं अपडेट त्या थीमचं एकट्याचं फोल्डर बदलतं, प्लगिनचं (साइटला जोडलेल्या जादा सोयीचं) अपडेट त्या प्लगिनचं. अपलोड्सला यातलं कुणी हात लावत नाही. मुख्य अपडेटनंतर कधी कधी "डेटाबेस अपडेट रिक्वायर्ड" असं पान येतं, ते बघूनही घाबरू नका. त्यात तक्त्यांची रचना नवी होते, तुमचा मजकूर तसाच राहतो. बटण दाबा आणि पुढे जा.

खरोखर जाऊ शकते ती एकच गोष्ट: कुणी थीमच्या किंवा प्लगिनच्या मूळ फाइलींमध्ये जाऊन केलेले बदल. साइट बनवणाऱ्याने फूटरमध्ये संस्थेचा नोंदणी क्रमांक थेट थीमच्या फाइलीत लिहिला असेल, तर थीम अपडेट झाली की तो पुसला जातो. थीममधले असे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मुख्य थीमवर आधारलेल्या वेगळ्या छोट्या थीममध्ये, असायला हवेत. तुमच्या साइटवर चाइल्ड थीम आहे का, हे अपडेट दाबण्याआधी अपीअरन्समध्ये जाऊन एकदा बघून ठेवा.

अपडेट दाबल्यावर आत काय घडतं

वाचनालयाच्याच भाषेत सांगतो. नवीन पुस्तकांचं खोकं येतं, ते मागच्या खोलीत उघडतात. दारावर "थोडा वेळ बंद" अशी पाटी लागते. कपाटातली जुनी पुस्तकं काढून नवी लावतात आणि पाटी काढतात. वर्डप्रेस अगदी हेच करतं. झिप उतरवून घेतं, डब्ल्यूपी-कॉन्टेन्टमधल्या अपग्रेड फोल्डरात ती उघडतं, बंदची पाटी लावतं, जुनं हलवून नवं ठेवतं, पाटी काढतं. या ओळीत कुठेही वीज गेली, नेट गेलं, जागा संपली किंवा सर्व्हरने दिलेली वेळ संपली, तर काम तिथेच थांबतं आणि पाटी दारावर तशीच राहते.

ती पाटी म्हणजे साइटच्या मुख्य फोल्डरात तयार झालेली "डॉट मेन्टेनन्स" नावाची छोटीशी फाइल. तिच्यात अपडेट कधी सुरू झालं ती वेळ लिहिलेली असते. दहा मिनिटं उलटून गेली की वर्डप्रेस त्या फाइलकडे लक्ष देत नाही आणि साइट उघडते. ताईंना चहा घ्यायला सांगितलं ते एवढ्याचसाठी. दहा मिनिटांनंतरही तोच निरोप दिसत असेल तर बहुतेक वेळा दोष कॅशचा असतो: कॅशिंगच्या प्लगिनने किंवा ब्राउझरने ते "बंद" पान साठवून ठेवलेलं असतं. दुसऱ्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, साइट उघडून बघा. तिथे दिसली तर काम झालं, कॅश साफ करा.

घाई असेल तर ती फाइल हातानेही काढता येते. सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायच्या पानाच्या) फाइल मॅनेजरमध्ये वर उजवीकडे सेटिंग्ज आहे, त्यात "शो हिडन फाइल्स" वर टिक करा. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे एरवी ती दिसतच नाही आणि नवा माणूस "फाइल नाहीच इथे" म्हणून परत येतो. पण पाटी काढली म्हणजे पुस्तकं लागली असं नाही. डॅशबोर्डच्या अपडेट्स पानावर जा आणि काय राहिलंय ते बघा. राहिलेलं एक-एक करून अपडेट करा. सगळ्यांवर टिक करून एकदम दाबायची सवय मी प्रत्येकाला सोडायला सांगतो. सातातलं तिसरं फसलं तर कुठलं फसलं हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

"अनदर अपडेट इज करंटली इन प्रोग्रेस" असं आलं तर ते मुख्य अपडेटचं कुलूप आहे. आधीचा प्रयत्न अर्धवट सुटला की ते लागलेलं राहतं. पंधरा मिनिटांनी त्याची मुदत संपते, तोवर बटण दाबत राहून उपयोग नाही.

दर महिन्याला तेच होत असेल तर आधी जागा बघा

आता वाचनालयाची गोष्ट. तिसऱ्या वेळी स्क्रीनवर "कुड नॉट कॉपी फाइल" असं आलं होतं. ताईंच्या टेबलाशी बसून मी सीपॅनेल उघडलं. उजव्या बाजूला डिस्क युसेजची पट्टी पूर्ण लाल झाली होती. दहा जीबीचा प्लॅन, त्यात पन्नास-साठ एमबीही मोकळे नव्हते. ताई म्हणाल्या, "पण आम्ही तर महिन्याला दोन-चार फोटोच टाकतो."

फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कॉन्टेन्टमध्ये गेलो. तिथे बॅकअपच्या प्लगिनने स्वतःचं फोल्डर केलेलं होतं आणि त्यात झिप फाइलींची लांबच लांब रांग होती. प्रत्येकीच्या नावात तारीख. दर रविवारची एक, प्रत्येक पाचशे-सहाशे एमबीची. साइट बनवून देणाऱ्याने बॅकअप सुरू करून दिला, ही त्याने चांगली गोष्ट केली. पण जुन्या प्रती किती ठेवायच्या ते सांगितलं नव्हतं, आणि प्रती त्याच सर्व्हरवर जमत होत्या. सर्व्हर गेला असता तर साइटबरोबर सगळे बॅकअपही गेले असते.

अपडेटच्या वेळी जागा नेहमीपेक्षा जास्त लागते हे कुणाच्या लक्षात येत नाही. उतरवलेली झिप, तिच्यातून उघडलेल्या फाइली आणि जुनी आवृत्ती, हे सगळं काही क्षण एकाच वेळी डिस्कवर असतं. म्हणून रोज साइट व्यवस्थित चालते, फोटोही चढतो, आणि अपडेट मात्र नेमकं फसतं. एखादा प्रयत्न फसला की त्याचा उरलेला कचरा अपग्रेड फोल्डरात पडून राहू शकतो, मग पुढच्या वेळी जागा आणखी कमी.

आम्ही ताज्या दोन प्रती ताईंच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, बाकीच्या काढून टाकल्या, प्लगिनला यापुढे दोनच प्रती ठेवायला आणि त्या गूगल ड्राइव्हवर पाठवायला सांगितलं. मग अपडेट दाबलं. मिनिटभरात झालं. ताईंनी ते सातही एक-एक करून स्वतः केले, मी फक्त बाजूला बसलो होतो.

जागेची आणखी एक बाजू आहे. काही शेअर्ड होस्टिंगवर जीबीबरोबर फाइलींच्या संख्येवरही मर्यादा असते, तिला आयनोड मर्यादा म्हणतात. सीपॅनेलमध्ये "फाइल युसेज" म्हणून दिसते. जीबी भरपूर शिल्लक असतात, पण कॅशच्या प्लगिनने हजारो बारक्या फाइली करून ठेवलेल्या असतात आणि नवीन फाइल तयारच होत नाही. कॅश साफ केली की मोकळं होतं. "एरर लॉग" नावाची फाइलही बघून घ्या. एखाद्या प्लगिनने रोज त्यात ओळी ओतल्या तर ती फुगत जाते.

जागा मोकळी असूनही "कुड नॉट क्रिएट डिरेक्टरी" येत असेल तर मग प्रश्न परवानगीचा. फाइल मॅनेजरमध्ये परमिशन्सचा रकाना असतो. सर्वसाधारणपणे फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ असावं. एखादा सल्लागार सगळ्याला ७७७ द्या म्हणेल. देऊ नका. शेअर्ड सर्व्हरवर ते घराचं दार सताड उघडं ठेवण्यासारखं आहे. आणि अपडेट दाबल्यावर वर्डप्रेस अचानक एफटीपीचं (सर्व्हरवर फाइली पाठवायच्या पद्धतीचं) नाव-पासवर्ड मागू लागलं, तर बहुधा फाइलींची मालकी दुसऱ्याच युजरकडे आहे. साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवल्यावर हे बरेचदा होतं. यावर कॉन्फिग फाइलीत एक ओळ घालण्याचा उपाय सगळीकडे सांगतात, पण माझं मत असं की आधी होस्टिंगवाल्यांना मालकी दुरुस्त करायला सांगावी. त्यांचं पाच मिनिटांचं काम आहे, आणि मालकी चुकीची राहिली तर ती ओळ घालूनही गाडी अडूच शकते.

वेळ आणि मेमरी

"मॅक्सिमम एक्झिक्युशन टाइम ऑफ ३० सेकंड्स एक्सीडेड" म्हणजे सर्व्हरने एका कामाला तीस सेकंद दिले होते, ते संपले. "अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड" मधला तो भलामोठा आकडा म्हणजे १२८ एमबी. मेमरी तेवढीच होती आणि ती पुरली नाही. दोन्ही गोष्टी सीपॅनेलच्या "मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर" मध्ये वाढवता येतात. मेमरी २५६ एमबी आणि वेळ ३०० सेकंद ठेवली तर साध्या साइटला पुरते. काही होस्टिंगवर ही सोय "सिलेक्ट पीएचपी व्हर्जन" च्या ऑप्शन्समध्ये मिळेल. स्वस्तातल्या प्लॅनवर हे आकडे वाढवू देत नाहीत, तिथे होस्टिंगला लिहावं लागतं.

थीम चढत नाही

कोकणात होमस्टे चालवणाऱ्या एका जोडप्याने पैसे भरून थीम घेतली. रात्री अकराला फोटो पाठवला: "द पॅकेज कुड नॉट बी इन्स्टॉल्ड. द थीम इज मिसिंग द स्टाइल डॉट सीएसएस स्टाइलशीट." दोघांची खात्री झाली होती की आपण फसलो, पैसे बुडाले. थीम अगदी बरोबर होती. खोक्यात खोकं होतं, एवढंच.

विकत घेतलेल्या थीमची जी मोठी झिप मिळते तिच्यात बरेचदा माहितीपुस्तिका, लायसन्स, सोबतची प्लगिनं आणि खऱ्या थीमची वेगळी झिप असते. चढवायची ती आतली. थीमफॉरेस्ट या थीम विकणाऱ्या साइटवर डाउनलोडच्या बटणात दोन पर्याय येतात: सगळ्या फाइली आणि कागदपत्रं, किंवा फक्त इन्स्टॉल करता येईल अशी वर्डप्रेस फाइल. दुसरा निवडायचा. पहिला निवडला असेल तर झिप संगणकावर उघडा आणि आतली झिप शोधा. ओळखायची खूण सोपी आहे: झिपमध्ये थीमच्या नावाचं एकच फोल्डर आणि त्यात शिरताच समोर स्टाइल डॉट सीएसएस दिसली पाहिजे. ती आणखी एका फोल्डराच्या आत दडलेली असेल तर वर्डप्रेसला ती सापडत नाही. त्या दोघांना मी फोनवरच झिप उघडायला लावली. "चाइल्ड" असं नाव असलेली एक आणि तसं नाव नसलेली एक, अशा दोन झिप निघाल्या. आधी मुख्य थीम, मग चाइल्ड. उलट केलं तर "पॅरेंट थीम" सापडत नाही म्हणून तक्रार येते. साडेअकराला त्यांच्या घराचा अंगणाकडून घेतलेला फोटो नव्या थीमवर झळकला.

मॅकवर सफारीने उतरवणाऱ्यांनी जरा जपून. सफारी झिप आपोआप उघडून ठेवते आणि मग माणूस तिची हाताने पुन्हा झिप करतो, त्यात गडबड होते. सफारीच्या सेटिंगमध्ये "ओपन सेफ फाइल्स आफ्टर डाउनलोडिंग" वरची टिक काढा आणि पुन्हा उतरवा.

झिप अर्धवट उतरली असेल तर "पीसीएलझिप एरर बॅड फॉरमॅट" किंवा "इनकम्पॅटिबल आर्काइव्ह" असे शब्द दिसतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रेंज येत-जात असताना उतरवलेल्या फाइलींचं असं नेहमी होतं. फाइलीचा आकार विक्रेत्याच्या पानावरच्या आकाराशी ताडून बघा आणि संगणकावर ती नीट उघडते का तेही. उघडत नसेल तर सर्व्हरशी झगडण्यात अर्थ नाही, पुन्हा उतरवा.

सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा निरोप मात्र वेगळाच: "द लिंक यू फॉलोड हॅज एक्स्पायर्ड." लोक थीमची लिंक संपली असं समजून विक्रेत्याला मेल करतात. खरं तर इथे फाइल मोठी आहे आणि सर्व्हरची मर्यादा लहान आहे. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) मूळ मर्यादा एका फाइलीला २ एमबी आणि एका वेळी पाठवायच्या सगळ्या मजकुराला ८ एमबी अशी असते. होस्टिंगवाले ती सहसा वाढवून ठेवतात, पण किती ते प्रत्येकाचं वेगळं. तुमची मर्यादा किती हे बघायचं असेल तर डॅशबोर्डमध्ये मीडिया, ॲड न्यू उघडा. खाली "मॅक्सिमम अपलोड फाइल साइझ" लिहिलेलं असतं. थीम २० एमबीची आणि मर्यादा ८ ची असेल तर कितीही वेळा प्रयत्न केला तरी तेच येणार. वर सांगितलेल्या एडिटरमध्ये "अपलोड मॅक्स फाइलसाइझ" आणि "पोस्ट मॅक्स साइझ" दोन्ही ६४ एमबी करा. एकच वाढवली आणि दुसरी तशीच ठेवली तर फरक पडत नाही. वाढवता येत नसेल तर फाइल मॅनेजरमधून ती झिप डब्ल्यूपी-कॉन्टेन्टमधल्या थीम्स फोल्डरात टाका, तिथेच एक्स्ट्रॅक्ट करा, मग अपीअरन्समध्ये जाऊन ॲक्टिव्हेट करा.

बाकीचे निरोप लहान आहेत. "नो व्हॅलिड प्लगिन्स वेअर फाउंड" म्हणजे थीमची झिप प्लगिनच्या पानावर चढवली आहे. "डेस्टिनेशन फोल्डर ऑलरेडी एक्झिस्ट्स" म्हणजे त्या नावाचं फोल्डर आधीच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी दाखवून जुनीच्या जागी नवी ठेवू का असं विचारतं. तो पर्याय न येता नुसती चूक दिसली तर आधीच्या प्रयत्नाचं अर्धवट फोल्डर थीम्समध्ये पडलेलं असू शकतं. ते काढून पुन्हा चढवा. फक्त ती सध्या चालू असलेली थीम नाही ना आणि चालू चाइल्ड थीमची पॅरेंट नाही ना, हे काढण्याआधी बघा.

थीम चढली पण डेमोसारखी दिसत नाही, हा वेगळा प्रश्न आहे. डेमोमधली पानं-फोटो वेगळे आयात करावे लागतात. ज्या साइटवर आधीपासून मजकूर आहे तिथे ते करू नका, परकी पानं आणि मेनू तुमच्यात मिसळतात. आपल्या भाषेपुरती एक खास अडचण इथे सांगतो. परदेशी थीम्समध्ये शीर्षकांच्या अक्षरांत मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं, पण मराठीत शिरोरेखा तुकड्या-तुकड्यांनी तुटते आणि "वाचनालय" हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिथे फॉन्टचा दोष नसतो. थीमच्या टायपोग्राफीत लेटर स्पेसिंग शून्य करा, रेघ जुळते. फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला मुक्ता गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे, लहान आकारातही सुरेख वाचता येतो.

एक कळकळीची विनंती. "ही पैशाची थीम कुणाकडे फुकट आहे का" असं ग्रुपवर विचारू नका. अशा फोडलेल्या थीमला विक्रेत्याकडून अपडेट येत नाही आणि तिच्यात दुसऱ्यांच्या जाहिराती, लपवलेल्या लिंका, मागचं दार घातलेलं असू शकतं. लहान मुलांच्या शाळेच्या साइटवर जुगाराच्या लिंका मी स्वतः काढल्या आहेत. परवडत नसेल तर वर्डप्रेसच्या थीम संग्रहातली मोफत थीम घ्या, तिथे येणारी थीम तपासून घेतलेली असते.

"देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर"

अपडेट पूर्ण झालं आणि मग साइट पडली तर बहुधा एखादं प्लगिन किंवा थीम नव्या आवृत्तीशी जुळत नाही. मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी साइटच्या ॲडमिन ईमेलवर पत्र पाठवतं. त्यात कुठलं प्लगिन पडलं ते लिहिलेलं असतं आणि रिकव्हरी मोडमध्ये शिरायची लिंक असते. ती एक दिवस चालते. तिने आत गेलं की फक्त तुमच्यापुरतं ते प्लगिन थांबवलेलं असतं आणि डॅशबोर्ड मोकळा मिळतो. ही फार मोठी सोय आहे. पण वाचनालयात काय निघालं? सेटिंग्ज, जनरलमध्ये ॲडमिन ईमेल म्हणून ज्याने साइट बनवली त्या मुलाचा पत्ता होता. तो केव्हाच पुण्याला नोकरीला गेला. डिस्क भरत आल्याचे होस्टिंगचे इशारेही त्याच्याच पत्त्यावर जात होते आणि इकडे ताई स्वतःला दोष देत होत्या. हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेवढंच करा, दोन्हीकडचा ईमेल बदलून घ्या.

पत्र मिळालं नाही तर फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कॉन्टेन्टमधल्या प्लगिन्स फोल्डराचं नाव बदला, मागे "-जुनं" असं काहीतरी इंग्रजी अक्षरांत जोडा. आत शिरून प्लगिन्सचं पान एकदा उघडा, सगळी बंद झालेली दिसतील. फोल्डराचं नाव पूर्ववत करा आणि एक-एक प्लगिन सुरू करत जा. ज्याने साइट पडेल तोच दोषी. त्यांच्या सेटिंग्ज डेटाबेसमध्ये असतात, त्या जात नाहीत. प्लगिनांचा दोष नसेल तर चालू थीमच्या फोल्डराचं नाव तसंच बदला आणि डॅशबोर्डमध्ये थीम्सचं पान उघडा. वर्डप्रेस स्वतःच्या मूळ थीमवर येतं. त्यासाठी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हसारखी एक मूळ थीम साइटवर ठेवलेली असावी. "वापरत नाही म्हणून" ती काढून टाकू नका.

पीएचपीची आवृत्ती हेही एक कारण असतं. जुलै २०२४ च्या ६.६ आवृत्तीने किमान ७.२.२४ ची अट घातली. टूल्स, साइट हेल्थ, इन्फोमध्ये सर्व्हरखाली तुमची आवृत्ती दिसेल. जुनी असेल तर सीपॅनेलमधून वाढवा, मात्र प्लगिनं अपडेट केल्यावर, आणि साइट पडली तर लगेच आधीच्या आवृत्तीवर परत या. हे मागे-पुढे करणं बिनधोक आहे.

नव्या वर्डप्रेसवर असण्याचा फायदा इथे दिसतो. ६.३ मध्ये, ऑगस्ट २०२३ ला, अपडेट फसलं तर प्लगिनची किंवा थीमची आधीची प्रत परत ठेवण्याची सोय आली. ६.६ पासून आपोआप होणाऱ्या प्लगिन अपडेटने साइट पडत असेल तर तेही मागे घेतलं जातं. म्हणजे "अपडेट फसेल" या भीतीने जुन्या वर्डप्रेसवर राहिलेल्यांनाच ते फसल्याचा जास्त त्रास होतो.

बॅकअपबद्दल एकच सांगतो: घेतलेला बॅकअप एकदा उघडून बघा. डेटाबेसची फाइल एखाद्या साध्या एडिटरमध्ये उघडा आणि तुमच्या लेखातलं एखादं मराठी वाक्य शोधा. तिथे अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर तो बॅकअप कामाचा नाही, आणि हे साइट धडधाकट असताना कळलेलं बरं.

हे सगळं करून अडलंच तर होस्टिंगच्या सपोर्टला लिहा, पण नुसतं "साइट चालत नाही" असं लिहू नका. त्यावर "कॅश साफ करून बघा" एवढंच उत्तर येतं. आम्ही वाचनालयाच्या वतीने एकदा लिहिलेल्या तिकिटात (सपोर्टकडे नोंदवलेल्या तक्रारीत) पाच गोष्टी होत्या: साइटचा पत्ता, नेमकं काय अपडेट करत होतो, किती वाजता दाबलं, स्क्रीनवरचा निरोप जसाच्या तसा, आणि डिस्क, परमिशन्स व पीएचपी आम्ही बघून झालो आहोत ही ओळ. वेळ लिहिल्यामुळे त्यांना लॉगमधली नेमकी ओळ सापडते. ताईंच्या नावाने तिकीट गेलं, उत्तर त्याच दिवशी संध्याकाळी आलं आणि काही जुन्या फाइलींची मालकी चुकली होती तीही त्यांनी दुरुस्त केली. तिकिटात तुमचा पासवर्ड लिहू नका. डॅशबोर्डचा प्रवेश मागितला तर तात्पुरता ॲडमिन युजर करून द्या आणि काम झालं की त्याच दिवशी काढून टाका.